प्रवाळातला मलेरियाचा भाऊबंद खरा आहे, पण तुम्हाला दिसलेले गुलाबी फोड म्हणजे तो नव्हे

गोव्यातल्या ग्रँड आयलंडला टुरिस्ट लोकांना डाइव्हला घेऊन जाणाऱ्या एका मुलाने विचारलंय, मूळचा मालवणचा आहे, की मॅडम, बोटीवरचा एक पाहुणा म्हणाला प्रवाळाच्या आत मलेरियाचे जंतू राहतात, आणि मला खाली गोल दगडासारख्या प्रवाळावर गुलाबी फोड दिसतायत, तर ते हेच का, आपले प्रवाळ यानेच मरतायत का, आणि हात लागला तर आपल्याला ताप येईल का.

घाईत असाल तर आधी तिन्ही उत्तरं घ्या. फोड म्हणजे ते जंतू नव्हेत. मरण्याचं खापर यांच्यावर फोडण्याइतका पुरावा कोणाकडे नाही. आणि ताप तर अजिबात येणार नाही, मलेरियाला डास लागतो आणि तो जंतूही वेगळा. पण पाहुणा अगदीच थापा मारत नव्हता, म्हणून हे लांबलचक लिहायला बसले.

माझं काम म्हणजे प्रवाळाचे तुकडे मेणात बसवायचे, पातळ काप काढायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. बावीस वर्षं झाली, मान गेली आणि चष्म्याचा नंबर वाढला. (तुकडे परवानगीचे बरं का. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या रांगेत, त्यामुळे सँपल म्हणून कोणी काहीही तोडून आणू नका, मेलेलं दिसलं तरी नको.)

आधी प्रवाळ आतून कसा असतो ते डोळ्यासमोर आणा. तुम्हाला वरून दिसतो तो चुन्याचा दगड, त्याच्यावर नखाएवढे किंवा त्याहून बारीक हजारो जीव चिकटलेले, पॉलिप. प्रत्येकाला एक तोंड, भोवती बोटांसारखे स्पर्शक, तोंडातून खाली गेलं की पोट, आणि त्या पोटात वरून खाली लोंबणारे पडदे, खोलीत पार्टिशन टाकतात ना तसे. त्या पडद्यांच्या कडेला जाडसर, गुंडाळ्या झालेल्या दोऱ्या असतात, त्यांना मेसेंटेरियल फिलामेंट म्हणतात. पचन तिथे चालतं. शेजारचा प्रवाळ फार जवळ आला तर काही प्रवाळ ह्या दोऱ्या सरळ तोंडातून बाहेर काढून शेजाऱ्याला जागच्या जागी पचवायला लागतात, जागेवरून भांडणं काय फक्त आपल्याकडेच नाहीत.

आता राहणारे कोण. एक तर झुझँथेली, ते सूक्ष्म शैवाल, जे उन्हावर साखर बनवून प्रवाळाला देतं आणि ज्याच्यामुळे प्रवाळाला तपकिरी-हिरवा रंग येतो, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात पेशी असतात ह्यांच्या. हे उजेडाकडे राहतात, स्पर्शकांत, वरच्या भागात. आणि दुसरा भाडेकरू खाली पोटात, त्या दोऱ्यांच्या पेशींच्या आत. म्हणजे एक गच्चीवर सोलर पॅनेल लावून बसलाय आणि दुसरा स्वयंपाकघरात. ह्या स्वयंपाकघरातल्याचं नाव कोरॅलिकोलिड. तुमच्या पाहुण्याने सांगितला तो हा.

मलेरियाशी नातं असं की दोघं एकाच मोठ्या खानदानातले, एपिकॉम्प्लेक्सा. ह्या खानदानाची खूण म्हणजे पेशीच्या टोकाला असलेलं एक यंत्र, दुसऱ्याच्या पेशीत घुसायचं, ड्रिल म्हणा. यात मलेरियाचा प्लाझमोडियम आला, मांजरांमधून येणारा टॉक्सोप्लाझ्मा आला, गुरांना गोचिडीतून होणारा बबेसिया आला, आणि ज्यांनी घरी कोंबड्या पाळल्यात त्यांना कॉक्सिडिओसिस माहीत असेल, पिल्लं रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत जातात, तो आयमेरिया पण यातलाच. प्रवाळातला भाऊबंद एका हिशोबाने मलेरियापेक्षा ह्या कोंबडीवाल्याच्या जवळचा निघतो, पण "कोंबडीच्या हगवणीचा नातेवाईक प्रवाळात" अशी हेडलाइन कोण देणार, म्हणून सगळीकडे मलेरिया मलेरिया.

हे सापडलं कसं त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात आमच्यासारख्या लोकांची लाज पण आहे. १९८६ साली अप्टन आणि पीटर्स ह्या दोघांनी कॅरिबियनच्या प्रवाळांचे काप बघून असला एक परजीवी वर्णन केला, जेमोसिस्टिस नाव दिलं, आणि मग बरीच वर्षं फारसं कोणी वळून बघितलं नाही. पुढे डीएनएचा जमाना आला. २००२ मध्ये प्रवाळातल्या शैवालाचा डीएनए वाचताना मध्येच एक अनोळखी सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा तुकडा, सापडला, त्याला नुसतं "टाइप एन" म्हणून ठेवलं. २०१२ मध्ये वेगळ्याच लोकांनी, प्रवाळातल्या बॅक्टेरियाचे म्हणून गोळा केलेले डेटा चाळताना, दुसरा एक अनोळखी सिक्वेन्स काढला, तो होता हरितलवकाचा, म्हणजे वनस्पतीच्या पेशीत उन्हावर अन्न बनवणाऱ्या क्लोरोप्लास्टच्या जातीचा, त्याला एआरएल-व्ही नाव पडलं. आता गंमत अशी की टाइप एन वंशवृक्षात परजीवींच्या आत जाऊन बसत होता आणि एआरएल-व्ही बसत होता उजेडावर जगणाऱ्या शैवालांच्या शेजारी, त्यामुळे हे दोन वेगळे जीव असं सगळे धरून चालले होते. २०१९ मध्ये वाल्डन क्वाँग, पॅट्रिक कीलिंग आणि त्यांच्या टीमने कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाकडच्या प्रवाळांवर काम करून दाखवलं की दोन्ही बोटांचे ठसे एकाच चोराचे आहेत. जगभरातल्या जवळजवळ ७० टक्के प्रवाळांत हा असतो असा आकडा तेव्हा बातम्यांत आला होता, आणि बॅक्टेरिया सोडले तर झुझँथेलीनंतर प्रवाळात सगळ्यात जास्त आढळणारा सूक्ष्म जीव हाच.

लाजेची गोष्ट ही की बॅक्टेरियाचा डेटा साफ करताना "क्लोरोप्लास्ट" असा शिक्का असलेले सगळे सिक्वेन्स आम्ही पहिल्या झटक्यात उडवून देतो, कारण ते शैवालाचे, आपल्याला काय त्याचं. मी स्वतः उडवलेत. एकदा तर एका प्रोजेक्टमध्ये प्रवाळाच्या ट्यूबमधून परजीवीशी जुळणारा सिक्वेन्स आला आणि आम्ही अर्धा दिवस एकमेकांवर ढकलत होतो, की तुझ्याच हातून कंटॅमिनेशन झालं असणार, तुला गेल्या महिन्यात मलेरिया झाला होता ना. ट्यूब फेकून दिल्या. २०१९ चा तो पेपर वाचला तेव्हा मी चहा घेत होते, चहा गार झाला.

त्याआधीच्या स्लाइड कपाटात होत्याच, त्या काढून परत बघितल्या. प्रवाळाची स्लाइड करणं म्हणजे काय ते जरा सांगते, नाहीतर लोकांना वाटतं ठेवला तुकडा आणि बघितलं. आधी फॉर्मलिनमध्ये घालायचं, मग आतला चुना विरघळवायचा, सौम्य ॲसिडमध्ये किंवा ईडीटीएमध्ये, रोज पाणी बदलायचं, घाई केली की बुडबुडे येऊन मांस फाटतं आणि विसरलं की लगदा होतो (शिगमोच्या सुट्टीत माझे चार तुकडे असेच लगदा झाले, कोणाला सांगितलं नाही). दगड गेला की हातात उरतो तो ओल्या टिश्यू पेपरसारखा पापुद्रा. तो मेणात बसवायचा, पाच मायक्रॉनचे काप (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग जांभळा आणि गुलाबी रंग. मायक्रोस्कोपखाली आधी झुझँथेली दिसतात, गोल गोल, मोहरीचे दाणे सांडल्यासारखी. तिथून खाली सरकत पडद्याच्या कडेला, दोऱ्यांपाशी यायचं. तिथे गडबड असते, डंख मारणाऱ्या पेशी, ग्रंथींच्या पेशी, सगळं ठासून भरलेलं, आणि त्यात कधीतरी एक लांबट अंडाकृती पेशी दिसते, साधारण दहा मायक्रॉनची, यजमानाच्या पेशीच्या आतच बसलेली, आजूबाजूला ना सूज ना फाटाफूट. शेजारच्या पेशी आपापल्या कामात. मी जुन्या स्लाइडवर अशा पेशींना पेन्सिलने गोल करून "ग्रंथी?" लिहून ठेवलं होतं. प्रश्नचिन्ह टाकलं होतं एवढीच अब्रू. नुसत्या डोळ्यांनी पक्कं सांगता येत नाही म्हणा, त्याला डीएनएची खूण चिकटवून बघावं लागतं.

ह्या जिवाची खरी भानगड त्याच्या पोटातल्या लवकात आहे. मलेरियाच्या जंतूतसुद्धा एक मोडकं हरितलवक असतं, एपिकोप्लास्ट. कारण ह्या खानदानाचे पूर्वज कधीकाळी उजेडावर जगायचे, मग परजीवी झाले, आयतं मिळायला लागल्यावर उन्हात कोण राबणार, तर प्रकाशाचा सगळा कारभार गेला पण ती खोली राहिली, कारण त्यात दुसरी दोन-चार रसायनं बनतात जी लागतातच. डॉक्सिसायक्लिन हे बॅक्टेरियाचं औषध, आपल्याकडे लेप्टोसाठी देतात ते, मलेरियावर चालतं ते ह्याच खोलीमुळे, लवकाचा मूळ पुरुष बॅक्टेरिया ना. तर कोरॅलिकोलिडच्या लवकात २०१९ मध्ये क्लोरोफिल बनवण्याची चार जनुकं निघाली, आणि प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा मात्र शून्य. म्हणजे घरात वायरिंग नाही, मीटर नाही, आणि बल्ब बनवायचा कारखाना चालू. बरं क्लोरोफिल म्हणजे निरुपद्रवी नाही, त्याच्यावर उजेड पडला आणि ती ऊर्जा वापरायला यंत्रणा नसली की पेशीलाच जाळणारे रेणू तयार होतात. मग हा जीव हे कशाला सांभाळून बसलाय? कोणी म्हणालं उजेडाचा अंदाज घ्यायला असेल. पण २०२० मध्ये खोल समुद्रातल्या, जिथे उजेड पोचतच नाही तिथल्या प्रवाळांतसुद्धा हेच भाडेकरू निघाले, तीच जनुकं घेऊन, म्हणजे उजेडाची थिअरी बोंबलली. माझं मत विचाराल तर ती जनुकं दुसऱ्याच कामाला जुंपली असणार, जुना पाटा-वरवंटा दाराला टेकण म्हणून वापरतो तसं.

ह्याचा एक चुलत चुलत भाऊ अजून उन्हावरच जगतो. क्रोमेरा नाव, २००८ मध्ये जाहीर झाला, सिडनीच्या बंदरातल्या प्रवाळातून काढलेला. खानदानात बाकी जवळजवळ सगळे परजीवी आणि हा स्वतः कमावून खाणारा. म्हणून काही लोकांना वाटतं की एपिकॉम्प्लेक्सांचं परजीवी होणं प्रवाळासारख्या प्राण्यांच्या पोटातच कुठेतरी सुरू झालं असेल. तसं असेल तर नातं उलटं सांगायला पाहिजे, मलेरियाचा भाऊबंद प्रवाळात नव्हे, प्रवाळातल्याचा भाऊबंद आपल्या रक्तात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, यानेच मरतायत का. हे बघा, परजीवी सापडणं आणि आजार असणं ह्या दोन गोष्टी. आमच्या लहानपणी वाड्यावर शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचे, अर्ध्या वर्गाच्या पोटात जंत असतील, पण वर्ग आजारी नव्हता. कोरॅलिकोलिड ठणठणीत, रंगदार प्रवाळातही सापडतात. त्यांना डिशमध्ये एकटं वाढवता आलेलं नाही, त्यामुळे "हा घातला आणि प्रवाळ आजारी पडला" असा सरळ प्रयोग होत नाही. म्हणून शहाणी माणसं अजून "परजीवी" म्हणतानासुद्धा अडखळतात, नुसतं सहजीवी म्हणून सोडून देतात. मी परजीवी म्हणते, कारण खानदान बघून, पण ते माझं मत आहे, कोर्टात टिकणार नाही.

प्रवाळ मारणारे खरे कोण ते तुम्ही रोज बघताच. एप्रिल-मेमध्ये तुमचा डाइव्ह कॉम्प्युटर तापमान काय दाखवतो ते बघा. पाणी नेहमीपेक्षा एखाद डिग्रीने वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की झुझँथेली बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१६ ला लक्षद्वीपला झालं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं. आणि गोव्यात वर गाळ. आपल्याकडे लक्षद्वीपसारखं बेट धरून बसलेलं रीफ नाही, खडकांवर ठिकठिकाणी चिकटलेल्या वसाहती आहेत, मांडवी-जुवारीच्या तोंडासमोर, पावसाळ्यात काय पाणी येतं ते तुम्हाला सांगायला नको. गाळ झटकत झटकत प्रवाळ दमतो. त्यात अँकर सरळ त्यांच्यावर टाकणाऱ्या बोटी. पोटातला दहा मायक्रॉनचा भाडेकरू ह्या यादीत कितव्या नंबरला येईल तुम्हीच सांगा.

राहिले गुलाबी फोड. गोल दगडासारखा, बारीक छिद्रांचा म्हणताय म्हणजे पोरायटिस असणार. पोरायटिसची सवय अशी की त्याला कशानेही डिवचलं की तो तिथे गुलाबी-जांभळा होतो, आपल्याला खरचटल्यावर लाल होतं तसं. बारीक शिंपला भोक पाडून बसला, नळीतला किडा बसला, शेजारचं शेवाळ घासलं, माशाने चावा घेतला, सगळ्याला उत्तर एकच, गुलाबी. त्यामुळे गुलाबी दिसलं एवढ्यावरून कोणी रोगाचं नाव सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावर पण नको.

तरी फरक करता येतो थोडाफार. गुलाबी जर रेघ असेल आणि रेघेच्या एका बाजूला मेलेला पांढरा-हिरवट भाग असेल तर ती वेगळी गोष्ट, लक्षद्वीपला कवरत्तीच्या पोरायटिसवर अशी गुलाबी रेघ आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्याच रवींद्रन आणि रघुकुमार यांनी नोंदवली, २००२ मध्ये, आणि तिथे एक निळं-हिरवं सूक्ष्म शैवाल सापडलं, फॉर्मिडियम. गुलाबी शेवाळाच्या कडेकडेनेच असेल तर घासण्याचं. आणि सुटे सुटे, एकेक पॉलिपच टम्म फुगल्यासारखा, दोन-तीन मिलिमीटरचे गुलाबी दाणे विखुरलेले असतील, तर मग एक खराखुरा परजीवी शक्य आहे, चपटा कृमी, पोडोकोटिलॉइडिस, हवाईमध्ये ग्रेटा एबी यांनी ह्याच्यावर काम केलंय. ह्याची डोकॅलिटी बघा. अळी पॉलिपमध्ये शिरून गोळा होऊन बसते, पॉलिप सुजतो, गुलाबी होतो आणि सुजल्यामुळे आपल्या सांगाड्यातल्या वाटीत परत आत जाऊ शकत नाही, बाहेरच राहतो. फुलपाखरू मासा येतो, त्याला हा रंगीत लठ्ठ घास आयता मिळतो, खातो, आणि कृमी माशाच्या पोटात पोचून मोठा होतो, त्याला तिथेच जायचं होतं. प्रवाळाचं काय? रोगट पॉलिप खाल्ला गेला की त्या जागी नवा निरोगी पॉलिप येतो. फार दाणे झाले तर वाढ मंदावते, पण वसाहत मरत नाही. तो हवाईचा, तुमच्या फोटोतला तोच असं मी म्हणत नाही.

दुसरं एक सांगून ठेवते. मालवणला गेलात तर तिथल्या पानासारख्या पसरट प्रवाळावर, टर्बिनेरियावर, गाठी दिसतील, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या. २०१६ मध्ये त्याची नोंद छापून आलीय. त्या सांगाड्याच्या वाढीतल्या गाठी, परजीवी नव्हेत. आणि प्रवाळाच्या सांगाड्यात आत बुरशी पण असते, अंदमानच्या मोठ्या प्रवाळांतली बुरशी चंद्रलता आणि शेषगिरी रघुकुमार यांनी १९९१ मध्येच दाखवली होती, हे काम गोव्यात बसून झालंय आणि गोव्यातल्या पोरांनाच माहीत नसतं.

डोळ्यांना दिसणारा सूक्ष्म जीव हवाच असेल तर तपकिरी किंवा काळपट पट्टा बघा, जिवंत मांस आणि पांढरा सांगाडा यांच्या मध्ये हळूहळू सरकणारा. तपकिरी पट्ट्यात सिलिएट असतात, केसाळ एकपेशी, प्रवाळाचं मांस झुझँथेलीसकट खातात म्हणून त्यांचाच रंग तपकिरी होतो. काळपट ठिपक्यांच्या पट्ट्यात हॅलोफॉलिक्युलिना, ह्याला बाटलीसारखं घर असतं आणि ते सांगाड्यात रोवून बसतो, पापुआ न्यू गिनीला १९८८ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला. हे असं काही ग्रँड आयलंडला दिसलं तर मला खरंच कळवा, मी स्वतः डाइव्ह मारायला येईन, गुडघे दुखले तरी.

हात लागण्याबद्दल, ताप ह्याने येणार नाही हे वर सांगितलं, पण प्रवाळाने खरचटलं की जखम चिघळते ती समुद्रातल्या बॅक्टेरियामुळे आणि आत राहिलेल्या चुन्याच्या कणांमुळे, ती घासून स्वच्छ पाण्याने धुवायची, हळद लावून विसरायची नाही. आणि लाल होऊन पसरायला लागली तर सरळ डॉक्टर.

फोटो पाठवलात ते मी बघितले, पण त्यात सगळंच हिरवं आहे. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी गिळला जातो, आठ-दहा मीटरवर गुलाबी काय आणि राखाडी काय, त्यामुळे पांढऱ्या टॉर्चचा उजेड पाडून काढा, बाजूला स्लेटवरची पट्टी धरा म्हणजे दाणा किती मिलिमीटरचा ते कळेल, आणि एक फोटो लांबून, एक अगदी जवळून. जवळून म्हणजे प्रवाळावर पोट टेकवून नव्हे. मुख्य म्हणजे दर पंधरा दिवसांनी तीच वसाहत, खूण लक्षात ठेवून. दाणे जागा बदलतायत का, खाल्ल्याच्या खुणा दिसतात का, फुलपाखरू मासे तिथे घुटमळतात का, सोबत पाण्याचं तापमान लिहा. मे संपायच्या आत निदान तीन वेळा झालं तर बरं, एकदा बोटी वर ओढल्या की गणपती होईपर्यंत खाली काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही.